वाचून झालेली नका मोजू, निकाल लागलेली मोजा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे की घरात न वाचलेली १४० च्या आसपास पुस्तकं साठलीत, त्यातली ३० सासऱ्यांची आहेत जे आता नाहीत, नवरा म्हणतो नवीन आणायच्या आधी आहेत ती वाच, म्हणून १ जानेवारीपासून वर्षभराचं चॅलेंज घ्यायचंय, आठवड्याला एक म्हणजे ५२ पुस्तकं, तर जमेल का आणि कसं करू.

मी एका सार्वजनिक वाचनालयात २७ वर्षं काम केलं, त्यातली १९ वर्षं देवघेवीच्या टेबलवर आणि शेवटची ८ ग्रंथपाल म्हणून, आणि रिटायर झाल्यापासून घरच्या न वाचलेल्या पुस्तकांवर हेच चॅलेंज सहा वेळा केलंय. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी ५२ चा हिशोब करू. साधारण मराठी पुस्तक २२० पानांचं धरा, काही कमी काही जास्त, तर ५२ पुस्तकं म्हणजे ११,४४० पानं, म्हणजे रोज ३१ पानं आणि तीही वर्षात एकही दिवस न चुकता, लग्न नाही, आजारपण नाही, ऑफिसचा मार्च एंड नाही, गणपती नाही. आणि एवढं करूनसुद्धा १४० संपायला पावणेतीन वर्षं लागणार, तेही मधे एकही नवीन पुस्तक घरात आलं नाही तर. मला असं वाटतं की हा आकडा तुम्ही तुमच्या कपाटाकडे बघून काढलेला नाही, तो कॅलेंडरकडे बघून आलाय, वर्षात ५२ आठवडे असतात म्हणून ५२.

माझं पहिलं वर्ष मी असंच केलं होतं. आणि गंमत म्हणजे मी मागे पडले नव्हते. जुलैअखेर माझी २९ पुस्तकं झाली होती म्हणजे कागदावर जवळपास बरोबर चाललेलं, वहीत ओळीने बरोबरच्या खुणा. पण एक दिवस भाचीने विचारलं की मावशी त्या मे महिन्यात वाचलेल्या कादंबरीत शेवटी काय होतं गं, तर मला आठवेना, आणि मग बसून बघितलं तर २९ पैकी ११ पुस्तकांचं मला नीटसं काहीच सांगता येत नव्हतं. कपाटात बघितलं तर बारीक बारीक सगळी संपलेली आणि जाड सगळी होती तिथेच, कारण आठवड्याला एक म्हटल्यावर माझा हात आपोआप बारक्या पुस्तकाकडे जात होता. जी पुस्तकं मला खरंच वाचायची होती, ज्यांच्यासाठी हे सगळं सुरू केलं, ती एकही उघडली गेली नव्हती. सप्टेंबरात मी थांबले आणि त्या वर्षात पुढे काहीच वाचलं नाही.

मग माझ्या डोक्यात आलं की २७ वर्षं मी १८,००० पुस्तकांचं वाचनालय सांभाळलं तेव्हा तिथली सगळी पुस्तकं वाचून काढायची असा विचार कधी कुणी केला नाही. तिथे आपण काय करायचो? दरवर्षी पडताळणी करायचो. प्रत्येक पुस्तक हातात घ्यायचो, दाखल रजिस्टरमधला नंबर जुळवायचो, पुस्तक जागेवर आहे का, बाइंडिंगला द्यायचंय का, कुणाकडे अडकलंय का, की आता त्याचं निर्लेखन करायचं, म्हणजे रजिस्टरमधून कमी करायचं, हे ठरवायचो. पडताळणी संपली की प्रत्येक पुस्तकाचा काहीतरी निकाल लागलेला असायचा. घरच्या कपाटाला नेमकं हेच हवंय. तुमच्या १४० पुस्तकांचा जो भार वाटतोय तो न वाचल्याचा कमी आणि न ठरवल्याचा जास्त आहे, रोज कपाटासमोरून जाताना प्रत्येक पुस्तक विचारतंय की माझं काय, आणि तुम्ही १४० वेळा नंतर बघू म्हणताय.

तर दुसऱ्या वर्षापासून मी वाचून झालेली पुस्तकं मोजणं बंद केलं आणि निकाल लागलेली मोजायला लागले. निकाल चारच. वाचलं. दिलं. ज्याचं होतं त्याला परत केलं. किंवा वाचायचंय पण आत्ता नाही, आणि असं असेल तर तारीख घालून वेगळ्या खणात. त्या वर्षी माझ्याकडे ९६ पुस्तकं न वाचलेली होती, वर्षाअखेर २१ पूर्ण वाचून झाली, ३८ दिली, ११ परत केली आणि २६ पुढच्या वर्षाच्या खणात गेली. २१ हा आकडा २९ पेक्षा लहान आहे पण त्या २१ मधल्या प्रत्येक पुस्तकाबद्दल मी आजही अर्धा तास बोलू शकते.

आता सुरुवात कशी करायची. एक अख्खा रविवार काढा, दोघं मिळून, आणि सगळी पुस्तकं कपाटातून बाहेर काढून जमिनीवर चादरीवर मांडा. कपाटात ठेवूनच लिस्ट करू असं करू नका, कपाटात पुस्तकांच्या फक्त पाठी दिसतात आणि मागच्या रांगेतलं तर काहीच दिसत नाही. प्रत्येक पुस्तक हातात यायला पाहिजे. एक साधी वही घ्या, एक्सेल चालेल पण मला वही आवडते, त्यात नंबर, नाव, लेखक, पानं, आणि शेवटचा कॉलम सगळ्यात महत्त्वाचा: हे घरात कसं आलं. प्रदर्शनात घेतलं, वाढदिवसाला आलं, सत्कारात मिळालं, मैत्रिणीने वाचच म्हणून हातात ठेवलं, एकावर एक फ्री होतं. हा कॉलम भरताना निम्मे निकाल तिथेच लागतात, खरंच सांगते. कारण लक्षात येतं की हे शेअर मार्केटचं पुस्तक मी २०१४ मध्ये नोकरी बदलायचं डोक्यात होतं तेव्हा घेतलं होतं, आता मी ती नाही, आणि ते पुस्तक त्या वेळच्या माझ्यासाठी होतं.

मांडल्यावर सगळ्यात आधी दुसऱ्यांची पुस्तकं वेगळी करा. प्रत्येक घरात असतात. माझ्याकडे ११ निघाली, वाचनालयात काम करणाऱ्या बाईकडे, तीन तर अशी की माणसाचं नाव आत लिहिलेलं आणि त्यांच्याशी दहा वर्षांत बोलणं नाही. देवघेवीच्या टेबलवर बसून मी लोकांना पुस्तक परत करा म्हणून पोस्टकार्डं पाठवलीत, त्यामुळे दुसऱ्या बाजूला काय वाटतं ते मला माहीत आहे. ही पुस्तकं चॅलेंजमध्ये पहिल्या महिन्यात, एकतर वाचून परत किंवा न वाचता परत, पण ३१ जानेवारीला घरात एकही नको. फोन करायला संकोच वाटतो, पण समोरच्या माणसाला पुस्तक परत आल्याचा जो आनंद होतो तो बघण्यासारखा असतो, त्या तीनपैकी एक बाई तर फोनवर रडल्या, ते त्यांच्या आईचं पुस्तक होतं.

मग जी पुस्तकं सलग वाचायची नसतातच ती मोजणीतून काढा. शब्दकोश, पाककृती, आरोग्याची पुस्तकं, प्रवासाच्या गाइड. कुणाकडे मराठी विश्वकोशाचे खंड असतात, ते न वाचलेले म्हणून मनाला लावून घेणारे लोक मी बघितलेत, अहो विश्वकोश कुणी पहिल्या पानापासून वाचत नाही, तो लागेल तेव्हा उघडायचा. तसंच मुलांच्या जुन्या स्पर्धा परीक्षांच्या गाइड आणि एकाच पुस्तकाच्या दोन दोन प्रती, त्यांचं तिथेच करून टाका. माझ्या अंदाजाने तुमच्या १४० मधून सासऱ्यांची ३० तूर्त बाजूला ठेवली, त्यांच्याबद्दल शेवटी लिहिते, दुसऱ्यांची ८-१० निघाली, आणि अशी २०-२२ कमी झाली की खरी लिस्ट ८० वर येईल.

आता या ८० चं गणित. आधी तीन दिवस रोज २० मिनिटं घड्याळ लावून वाचा आणि पानं मोजा, स्वतःचा वेग माहीत असल्याशिवाय प्लॅन करू नका. माझा कादंबरीचा वेग तासाला ३० पानं आहे, वैचारिक पुस्तकाचा १५ सुद्धा होत नाही. समजा तुमचाही तासाला ३० आहे आणि तुम्ही रोज अर्धा तास देऊ शकता, तर रोज १५ पानं. वर्ष ३६५ दिवसांचं धरू नका, ३०० चं धरा, ६५ दिवस असे जातातच आणि ते गेले म्हणून अपराधी वाटायला नको म्हणून ते आधीच सोडून द्यायचे. ३०० दिवस गुणिले १५ म्हणजे ४,५०० पानं. आता लिस्टमधल्या ६० पुस्तकांची प्रत्येकी ३० पानं चाचणी म्हणून वाचलीत तर १,८०० पानं झाली, उरली २,७००, आणि जी पुस्तकं धरून ठेवतील त्यांची उरलेली १९० पानं प्रत्येकी, म्हणजे १४ पुस्तकं पूर्ण होतील. वर्षाअखेर १४ वाचलेली, ४६ चा निकाल लागलेला, आणि २० पुढच्या वर्षाला. रोज फक्त अर्ध्या तासात. हे ५२ पेक्षा कितीतरी मोठं काम आहे असं माझं ठाम मत आहे, ऐकायला लहान वाटलं तरी.

३० पानांची चाचणी कुठून आली ते सांगते. अमेरिकेत सिॲटलच्या नॅन्सी पर्ल नावाच्या ग्रंथपाल आहेत, त्यांचा ५० पानांचा नियम प्रसिद्ध आहे: ५० पानं वाचा, नाही आवडलं तर सोडा, आणि तुमचं वय ५० च्या वर असेल तर १०० मधून वय वजा करा, तेवढीच पानं. मी ६५ ची आहे म्हणजे मला ३५ पानं पुरे. मला हा नियम फार आवडतो कारण त्यात वयाचा मान आहे, जितकी कमी वर्षं उरलीत तितकं वेळेचं मोल जास्त. पण आपल्याकडे कितीतरी चांगल्या कादंबऱ्या दीडशे-दोनशे पानांतच संपतात, ५० पानं म्हणजे पाव पुस्तक झालं, म्हणून मी ३० केलं.

आता याला अपवाद आहेत आणि ते महत्त्वाचे आहेत. प्रस्तावना ३० पानांत धरायची नाही. मराठी पुस्तकांना लांब प्रस्तावना लिहायची पद्धत आहे, कधी कधी ४० पानं, त्यात गोष्टीचा शेवटही सांगून टाकलेला असतो, आणि कितीतरी वाचक प्रस्तावनेतच गळतात आणि पुस्तक कठीण आहे म्हणून परत आणून देतात, हे मी टेबलवर बसून बघितलंय. प्रस्तावना शेवटी वाचा, तेव्हा ती खूप काही देते. दुसरं, इतिहास किंवा वैचारिक पुस्तक असेल तर पहिली ३० नका वाचू, अनुक्रमणिका बघा आणि मधलं एखादं प्रकरण निवडून वाचा ज्या विषयात तुम्हाला आधीच रस आहे. कथासंग्रह असेल तर दोन कथा, एक पहिली आणि एक ज्याचं नाव आवडेल ती. आणि कथासंग्रह एका दमात संपवू नका, जी. ए. कुलकर्णींची एक कथा वाचल्यावर लगेच दुसरी सुरू केली तर पहिलीवर अन्याय होतो. अनुवाद असेल आणि वाक्यं अडखळत असतील तर स्वतःला दोष देऊ नका, कदाचित अनुवादच जमलेला नाही, दुसरा अनुवाद मिळतो का बघा किंवा जमत असेल तर इंग्रजीतून वाचा.

आणि एक अपवाद मनाचा. कधी कधी पुस्तक चांगलं असतं, आपली वेळ चुकीची असते. माझी आई गेली त्या वर्षी मी एक आत्मचरित्र २० पानांत बंद केलं, त्यात आईच्या आजारपणाचं होतं. ते दिलं नाही, पुढच्या खणात ठेवलं, तीन वर्षांनी वाचलं आणि ते माझ्या आवडत्या पुस्तकांतलं एक आहे. आत्ता नाही हा निकाल त्यासाठीच आहे. पण एकाच पुस्तकाला तीन वर्षं ओळीने आत्ता नाही म्हणालात तर मग ते द्या.

क्रम कसा लावायचा हा पुढचा प्रश्न येतो. लेखकवार नको, अक्षरवार तर अजिबात नको. मी एका वेळी तीन पुस्तकं चालू ठेवते. एक जाड, जे महिना-दोन महिने चालेल, जे दिवसाच्या ठरलेल्या अर्ध्या तासात वाचायचं. एक बारीक, जे पर्समध्ये राहील. आणि एक असं जे तुकड्यातुकड्यानेच वाचायचं असतं, कविता, ललित लेख, पत्रं, ते उशाशी. जाड पुस्तकाने सुरुवात करा, वर्षाच्या सुरुवातीला उत्साह असतो तो बारक्या पुस्तकांवर खर्च करू नका. मी दुसऱ्या वर्षी जानेवारीत श्री. ना. पेंडसेंचं तुंबाडचे खोत घेतलं, दोन खंड, हजारावर पानं, वीस वर्षं घरात होतं आणि दरवेळी त्याच्या जाडीकडे बघून मी दुसरं काहीतरी उचलायचे. १५ मार्चला संपलं. पहिली १०० पानं माणसांची नाती लक्षात ठेवायला त्रास झाला म्हणून एका कागदावर वंशावळ काढून पुस्तकात ठेवली, हे जाड कादंबऱ्यांना करून बघा, फार उपयोग होतो. आणि ते संपल्यावर उरलेलं कपाट मला एकदम छोटं दिसायला लागलं.

बारीक म्हणजे हलकं असंही नाही बरं का. विश्राम बेडेकरांची रणांगण ही १९३९ ची कादंबरी, जेमतेम शंभर-सव्वाशे पानांची, युरोपातून निघालेल्या बोटीवर घडते, मी ती एका रात्रीत वाचली आणि मग आठवडाभर दुसरं काही वाचू शकले नाही. चॅलेंजच्या हिशोबात तो आठवडा वाया गेला असं कुणी म्हणेल, मी नाही म्हणणार. असं झालं तर थांबा. वहीत त्या दिवशी शून्य पानं लिहा.

नवीन खरेदी. नवरा म्हणतात तशी पूर्ण बंदी घालू नका, माझ्या ओळखीत ज्यांनी ज्यांनी वर्षभर एकही पुस्तक घेणार नाही म्हणून ठरवलं त्यांनी वर्ष संपल्यावर एकदम २५ आणली. पुस्तकांच्या दुकानात जाणं हा सुद्धा वाचकाच्या आयुष्याचाच भाग आहे, आणि मराठी पुस्तकांची आवृत्ती संपली की पुन्हा कधी निघेल सांगता येत नाही, म्हणून दिसलं की घ्यावं असं वाटतं आणि ते चूक नाही. माझा नियम आहे चार निकाल, एक नवीन. वहीत चार ओळींसमोर निकाल लिहिला की एक पुस्तक घ्यायची मुभा. आणि नवीन आणलेलं पुस्तक महिन्याच्या आत सुरू करायचं, ते कपाटात गेलं की जुनं झालं. सगळ्यात कठीण डिसेंबर जातो, पुण्यात असाल तर २०२३ पासून फर्ग्युसन कॉलेजला डिसेंबरात पुस्तक महोत्सव भरतो, तिथे मोकळ्या हाताने जाऊन यायचं अशक्य आहे, तेव्हा त्याच्यासाठी पाच-सहा नवीन पुस्तकांची मुभा शिल्लक ठेवा म्हणजे मन मारावं लागत नाही. वाचनालयाची मेंबरशिप मात्र सोडू नका, तिथलं पुस्तक परत जातं, साठत नाही.

वर्ष कसं जातं तेही बघून ठेवा. जानेवारी-फेब्रुवारी छान. मार्चमध्ये नोकरदार माणसाचं वाचन बसतं, मुलं असतील तर परीक्षा. मे मध्ये पाहुणे, प्रवास, पण प्रवासात जाड पुस्तक चांगलं होतं. जून ते ऑगस्ट हा आपल्याकडचा वाचनाचा खरा मोसम, संध्याकाळी बाहेर पडता येत नाही, मी निम्मं वाचन याच तीन महिन्यांत करते. पण याच काळात पुस्तकं खराब होतात, तर पावसाळ्याच्या तोंडावर एकदा सगळी काढून फॅनखाली पानं फडफडवून घ्या, कपाटाची मागची बाजू भिंतीला टेकवू नका, चार बोटं जागा सोडा, आणि पुस्तकं इतकी ठासून भरू नका की एक ओढलं की पाठ फाटेल. कसर लागलेलं पुस्तक आधी वेगळं करा नाहीतर ती शेजारच्यात जाते. ओल आलेलं पुस्तक कडक उन्हात वाळवू नका, कागद पिवळा पडून तुकडे पडतात, सावलीत वाऱ्यावर वाळवा. डांबरगोळ्या ठेवायच्या तर कपाटाच्या कोपऱ्यात, पानांत नाही, आणि ज्यांना दम्याचा त्रास आहे त्यांनी ठेवूच नका.

मग गणपती ते दसरा हे गेलेच समजा. आणि दिवाळी अंक. १९०९ साली काशिनाथ रघुनाथ मित्रांनी मनोरंजनचा पहिला दिवाळी अंक काढला तेव्हापासून मराठी माणसाचं वाचन दिवाळीत वेगळ्या रस्त्याने जातं आणि जावं, मला त्याचा अभिमान आहे. पण लोक पाच-सहा अंक घेतात, दोन वाचतात, उरलेले पुढच्या दिवाळीपर्यंत टीपॉयखाली. चॅलेंजच्या वर्षात अंक विकत एकच घ्या, बाकीच्यांसाठी जवळच्या वाचनालयात दिवाळी अंक योजना असते का विचारा, वेगळी वर्गणी भरायची आणि काही महिने अंक बदलून बदलून वाचायचे, बऱ्याच वाचनालयांत ही सोय असते. मी नोव्हेंबरमध्ये पुस्तकांना सुट्टीच देते.

द्यायची पुस्तकं कुठे द्यायची याबद्दल मला पोटतिडकीने सांगायचंय. वाचनालयाला न विचारता पोतं आणून दरवाज्यात ठेवू नका. आमच्याकडे लोक प्रेमाने आणायचे पण त्यात निम्मी जुनी क्रमिक पुस्तकं, गाइड, पानं सुटलेली मासिकं असायची, आणि ती नाही कशी म्हणायची, मग आमचा शिपाई ती वर माळ्यावर नेऊन ठेवायचा. आधी फोन करा, लिस्ट वाचून दाखवा, त्यांना हवी तीच न्या, भेट पुस्तकांची पण रजिस्टरला नोंद करावी लागते, जागा लागते. गावाकडच्या शाळेला देणार असाल तर मुलांनी वाचावीत अशीच द्या, आपल्याला नको झालेली जाड वैचारिक पुस्तकं शाळेला देऊन काय होणार. सगळ्यात चांगलं म्हणजे एक पुस्तक, एक माणूस. सोसायटीतल्या अमुक मुलीला पक्ष्यांची आवड आहे, हे पुस्तक तिला. वेळ लागतो, पण ते वाचलं जातं.

इथे एक गोष्ट आठवते. एका वर्षीच्या निर्लेखनाच्या ढिगात मधमाशीपालनावरचं एक छोटं पुस्तक होतं, १४ वर्षं आमच्याकडे होतं आणि मागच्या पानावरच्या तारखांच्या चिठ्ठीवर एकही शिक्का नव्हता. ढीग टेबलच्या बाजूला बांधून ठेवलेला, एक शेतकरी आपल्या मुलीला घेऊन तिच्यासाठी पुस्तक बदलायला आले होते, त्यांनी ते सुतळीतून ओढून काढलं, म्हणाले हे नेऊ का. तीनदा रिन्यू केलं त्यांनी. आपल्याकडच्या ग्रंथालयशास्त्राचे जनक एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये ग्रंथालयाचे पाच सिद्धांत मांडले त्यातला एक आहे की प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक, आम्हाला तो कोर्सला पाठ होता पण मला तो त्या दिवशी कळला. आणि तरी हेही सांगते की त्या ढिगातली बाकीची तीनशेच्या वर पुस्तकं गेली आणि पुढे कुणीही ती विचारायला आलं नाही. दोन्ही खरं आहे. म्हणून तुमच्याकडे पडून असलेलं पुस्तक देताना वाईट वाटून घेऊ नका, तुमच्याकडे १५ वर्षं त्याचा वाचक आला नाही, दुसरीकडे येऊ शकतो.

ऑडिओ धरायचं का असं लोक विचारतात. मी धरते, जर तेच पुस्तक घरात न वाचलेलं असेल आणि पूर्ण ऐकलं असेल तर. आत्मचरित्रं ऐकायला छान वाटतात, पोळ्या करताना मी दोन ऐकलीत. कविता ऐकून झाली असं मात्र मला वाटत नाही. फोनवर घेतलेली ई-पुस्तकं या वर्षात लिस्टमध्ये घेऊच नका, ती जागा अडवत नाहीत, धूळ खात नाहीत, त्यांचं वेगळं बघता येईल.

प्रत्येक पुस्तकाच्या निकालाशेजारी वहीत दोन ओळी लिहा, समीक्षा नको, फक्त काय राहिलं मनात. दिलं असेल तर का दिलं आणि कुणाला. माझ्या पहिल्या वर्षीच्या वहीत नुसत्या खुणा आहेत आणि त्यातून मला काहीच परत मिळत नाही, दुसऱ्या वर्षीची वही मी अजून काढून वाचते. आणि व्हॉट्सॲप ग्रुपवर रोज पानं टाकायची स्पर्धा नको, एक मैत्रीण शोधा जिला महिन्यातून एकदा फोन करून सांगाल की या महिन्यात हे झालं.

आता सासऱ्यांची ३० पुस्तकं. ही तुमच्या लिस्टमध्ये घेऊ नका, ती न वाचलेली नाहीत, ती त्यांनी वाचलेली आहेत. पण तशीच पेटीत बांधूनही ठेवू नका. एका संध्याकाळी मिस्टरांना बरोबर घेऊन नुसती चाळा, वाचायची नाहीत, पान न् पान उलटायचं. आत काय काय निघतं ते बघा, वीज बिलं, पत्रं, समासात लिहिलेलं, तारखा. ज्यात त्यांच्या हाताच्या खुणा आहेत ती ठेवा, ज्यात काहीच नाही ती मिस्टरांनी ठरवावं, तुम्ही नाही. आणि ठेवलेल्यातलं एक, एकच, दोघांनी मिळून या वर्षात वाचायला घ्या.

माझ्या वडिलांचा दासबोध माझ्याकडे आहे. २० दशकं म्हणजे भाग, प्रत्येकात १० समास म्हणजे छोटी प्रकरणं, असे २०० समास, रोज एक वाचला तर सहा-सात महिन्यांत होतो, आणि सकाळच्या चहाबरोबर एक समास व्हायला दहा मिनिटं लागतात. अनेक वर्षं मी तो न वाचलेल्यांत मोजून स्वतःला त्रास करून घेतला. शेवटी गेल्या वर्षी मोजणीतून काढला आणि रोज एक सुरू केला. बाबांनी पेन्सिलने ओव्यांखाली रेघा मारल्यात, कुठे कुठे बारीक अक्षरात तारीख. त्या रेघा अकराव्या दशकापर्यंत आहेत आणि तिथे थांबतात, पुढची पानं अगदी कोरी आहेत. मी तिथपर्यंत पोचले त्या दिवशी बराच वेळ पान उलटलं नाही. मग घरातली पेन्सिल शोधली, टोक केलं आणि पुढचा समास घेतला. तुम्हाला सासऱ्यांच्या पुस्तकांत असं काही सापडलं तर पेन्सिलच वापरा, पेन नको, पेनाची शाई जुन्या कागदात पसरते.